लाक म्हणजे मुलगी

नागपूरच्या महाल भागात मारोतराव लांजेवारचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कंप्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सची एक मशीन अन् दोन खुर्च्या. त्यातली एक मोडकी. नवा कवी आला की त्याले मोडकीवरच बसवाचं. कवी पडला की मारोतराव म्हणे, "काय गा, पहिल्याच ओळीत आपटला?"

असा माणूस. वय त्रेपन्न, पोट पुढं, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, अन् डोळ्यात सदा कायची तरी खोडी. नागपुरातल्या अर्ध्या कवींच्या कविता याच्याच बोटाखालून जात. कारण दिवाळी अंकवाले आता हातानं लिहिलेला कागद घेत नाही. युनिकोडमध्ये टाइप करून मेल करा म्हणतात. अन् साठीतल्या कवीले युनिकोड म्हणजे बीपीची गोळी वाटते.

मागच्या एप्रिलात पोस्टातून रिटायर झालेले मनोहरराव एक प्रेमकविता घेऊन आले. 'तुझ्या चांदण्यात न्हालो' असं होतं. मारोतरावनं 'तुझ्या चण्यात न्हालो' करून कवींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून देल्लं. पंधरा दिवस लोकं मनोहररावले फुटाण्याच्या गाडीपासून फोन करत होते. "या ना जी न्हायाले, गरम आहे."

पण मारोतराव खुद कवी होता, अन् ते मात्र मस्करीत नव्हतं. रोज दहा ते अकरा दुकानाचं शटर अर्धं खाली. लोकाइले वाटे, लाइटची लाइन गेली. आत हा पहिले अर्धा तास दुसऱ्याच्या कविता वाचे, मग आपली लिहे, मग जुनी कुठंतरी पाठवे. एकतीस साल झाले. आधी पाकिटात जबाबी पाकीट टाकून पाठवाच्या, अन् त्या 'साभार परत'ची छापील चिठ्ठी घेऊन घरी येत. आता मेल. मेलचं तर काहीच येत नाही. "परत नाही आली म्हणजे पोरगी सासरी नांदून राहिली असं समजाचं," तो म्हणे.

दुकानात तो 'मले', 'तुले', 'काहून बे' असाच बोले. कवितेत शिराचं असलं की मंदिराबाहेर चप्पल काढावी तसा 'मले' दारात काढे अन् 'मज' घालून आत जाई. 'मज स्मरते ती सांज साजिरी.' सांज त्याले काही स्मरत नव्हती. संध्याकाळी झेरॉक्सले गर्दी राहे. पण बावीस वर्षाचा असताना एका संमेलनात तो माइकवर 'मले' म्हणून गेला होता, अन् पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्या बाईनं तोंडाले पदर लावला होता. हसू दाबाले. बाई कोण होती आठवत नाही. पदर आठवते. आंबा रंगाचा होता.

*

जुलै महिना म्हणजे अंकाइले कविता पाठवाचे दिवस. यमुताई आल्या. सदुसष्ट वर्षाच्या, त्याच गल्लीतल्या. घरचे गोपाळराव एसटीत कंडक्टर होते, तीस साल नागपूर-रामटेक गाडीवर. मागच्या साली गेले.

"काय जी मारोतराव, एवढं मशीनमध्ये टाकून पुण्याच्या दिवाळी अंकाले पाठवता का?"

कागद एसटीच्या जुन्या फॉर्मचा, पाठकोरा.

"दामिनीले नोको सांगजा बरं. तिच्यावर आहे त्यात थोडं. लाजन ते." दामिनी म्हणजे यमुताईची लेक, दवाखान्यात नर्स.

त्या दिवशी मारोतरावनं चांगली खुर्ची देल्ली. यमुताई बसल्या, टेबलावर पडलेले त्याच्या कवितांचे कागद उगाच चाळले, अन् चालल्या गेल्या. मग त्यानं पाठकोरा कागद उचलला.

*ते गेले तवा मले वाटलं, ड्युटीवरच गेले.*
*डबा राहिला म्हणून मांगून आवाज देल्ला.*
*लेकीले म्हटलं, बापाले डबा नेऊन दे.*
*लेक रडून राहिली.*
*जिंदगीभर लोकाइले म्हणत राहिले, पुढं सरका, पुढं सरका.*
*सोता कधी मांगं वळून पाह्यलेच नाही.*

मारोतरावनं कागद दोनदा वाचला. गालातला खर्रा बाहेर जाऊन थुंकून आला, अन् पुन्हा वाचला.

मग त्याले वाटलं, हे छापून येईन. अन् लगेच वाटलं, अन् माहं? मग हायसं वाटलं. कायचं येते! 'मले' आहे, 'लोकाइले' आहे. तिकडचे लोकं पदर लावतीन तोंडाले. अन् शेवटी दया आली. बिचारी म्हातारी, एवढ्या हौसेनं आली. आपण सुधारून देऊ. ह्या सगळ्यात दया कितवी आली होती ते ध्यानात ठेवजा. त्यानं मात्र पुढं तेवढीच ध्यानात ठेवली.

कंप्युटरात एक सोय राहते. कोणतं अक्षर काढाचं ते सांगा, कोणतं टाकाचं ते सांगा, मशीन अख्ख्या कागदावर बदलून देते. मारोतरावनं सांगितलं: 'ले' काढ, 'ला' टाक. 'मले'चं 'मला' होईन, 'बापाले'चं 'बापाला' होईन, झालं. बटन दाबलं. 'दहा जागी बदल केला,' मशीन म्हणाली.

वाचून पाहाव, तर तेवढ्यात चहा आला. चहाच्या मागं मनोहरराव आले. अन् मनोहरराव बसाच्या आत मोडकी खुर्ची पुढं कराची होती. त्या गडबडीत त्यानं यमुताईची एक अन् आपल्या तीन, अशा चार कविता एकाच मेलात पाठवून देल्ल्या. पत्ता दुकानाचा. पाठकोरा कागद ड्रॉवरात.

*

ऑक्टोबरात अंकाचं पाकीट आलं. मारोतरावनं उभ्याउभ्याच फाडलं. अनुक्रमणिकेत 'लां' पाह्यला. नव्हता. पुन्हा पाह्यला, यावेळी बोट ठेवून. नव्हता. यमुताई होत्या. चांगली चौकट होती, बाजूले बसचं चित्र होतं.

*ते गेला तवा मला वाटलं, ड्युटीवरच गेला.*
*डबा राहिला म्हणून मांगून आवाज देल्ला.*
*लाकीला म्हटलं, बापाला डबा नेऊन दे.*
*लाक रडून राहिली.*
*जिंदगीभर लोकाइला म्हणत राहिला, पुढं सरका, पुढं सरका.*
*सोता कधी मांगं वळून पाह्यलाच नाही.*

अन् खाली बारीक अक्षरात टीप: *लाक: मुलगी (वऱ्हाडी बोली).*

पहिले त्याले हसू आलं. सवयीचं हसू, पोटातून निघालं अन् गळ्यापर्यंत येऊन विझलं. 'ले' काढ म्हटलं होतं, मशीननं काढला. 'मले'तला काढला, 'गेले'तला काढला, लेकीतलाही काढला. मशीनले काय माहीत कोणता 'ले' कोणाचा. पण ह्याले तर माहीत होतं. अन् यमुताईच्या तोंडून नवऱ्याले कधी कोणी 'गेला' ऐकलं नव्हतं. पन्नास साल ते 'ते' होते.

त्यानं अंक कीबोर्डखाली लपवला. अंक जाड, कीबोर्ड डुगडुगाले लागला. दिवसभर त्या डुगडुगीवर टाइप करत बसला.

दुसऱ्या दिवशी मनोहररावचा फोन.

"काय बे मारोत्या! म्हातारीलेही नाही सोडलं? लाकीला डबा दे म्हणे!"

"मी नाही केलं गा."

"तर काय माह्या आजीनं केलं?"

"मनोहर, देवाशपथ मस्करी नव्हे."

"चण्याच्या वेळेसही तू देवाचीच शपथ घेतली होती."

हे खरं होतं.

मारोतरावले वाटलं, गुपचूप निस्तरू. पुण्याले संपादकाले फोन लावला. "साहेब, त्या कवितेत टायपिंगची चूक झाली. ते 'लेक' आहे, 'लाक' नाही."

"आपण कोण?"

"मी टायपिस्ट. नागपूरहून."

"अहो, मग तुम्हाला नाही कळायचं," संपादक मायेनं म्हणाले. "'लाक'मध्ये मातीचा गंध आहे. आम्ही मुद्दाम हात लावला नाही. तुम्ही कृपा करून बोलीभाषा सुधारायला जाऊ नका."

मारोतरावनं फोन ठेवला. कानशिलं गरम झाली होती. माणूस चुकीचा होता, पण चापट बरोबर जागी बसली होती.

*

चार दिवसानं यमुताई दुकानात आल्या. कविता लेकीच्या फोनवरच पोहोचली होती. दवाखान्यातल्या पोरी दामिनीले 'काय वं लाक' म्हणून राहिल्या होत्या म्हणे.

यमुताई खुर्चीवर बसल्याच नाही.

"मारोतराव, मी असंच लिहिलं होतं का जी?"

मारोतरावचा गुडघा ड्रॉवरले लागून होता. आत कागद होता. हात घालाचा अन् काढाचा, एवढंच.

"पाहावं लागन ताई," तो म्हणाला. "कुठी असन कागद."

"राहू द्या. माह्याच हातून झालं असन. डोळ्याच्या ऑपरेशनपासून काना-मात्रा धड दिसत नाही मले." त्या थांबल्या. "पन्नास साल नाव नाही घेतलं त्याइचं. अन् आता पुस्तकात 'गेला' म्हटलं. जसा बैल गेला, बकरा गेला. चार दिवस झाले, फोटोले हार नाही घातला. समोर उभं राहाची लाज वाटते."

मारोतरावचा गुडघा ड्रॉवरवरून हलला नाही.

"रविवारी वाचनालयात वाचाले बोलावलं आहे. दामिनी हो म्हणून बसली. तेवढं वाचते, अन् बस झालं. आपलं काम नव्हे हे. पुढं नाही लिहीन."

त्या गेल्यावर झेरॉक्सले आलेला माणूस म्हणाला, "काका, आधार कार्डाची एक पाठपोट." ह्यानं कोराच कागद काढून देल्ला.

*

रविवार, सकाळचे अकरा. वाचनालयाच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. म्हणजे कवितेच्या कार्यक्रमाले तुडुंब. मारोतराव तिसऱ्या रांगेत, शर्टाच्या खिशात तो पाठकोरा कागद. द्यावा का नाही, हे घरून निघताना ठरलं नव्हतं, अन् गांधीसागर तलावाले वळसा घालून आला तरी ठरलं नव्हतं.

पहिले प्राध्यापक सुहासिनीबाई बोलल्या. "या कवितेचं वैभव एका विसंगतीत आहे," त्या म्हणाल्या. "'ते' हा आदर, आणि 'गेला' हा विद्रोह. पन्नास वर्षांचं अहो-जाहो या बाईनं एका क्रियापदात मोडून टाकलं!"

टाळ्या. यमुताई स्टेजवर आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहून राहिल्या होत्या.

मग त्याइले माइकपाशी आणलं. अंक हातात देल्ला. त्याइनं चष्मा लावला.

"ते," त्या म्हणाल्या.

पंखा फिरत होता.

"ते..."

पुढचा शब्द ओठापर्यंत येई अन् त्या गिळून घेत. पहिल्या रांगेत दामिनी हळूच म्हणाली, "वाच ना वं आई." तिसऱ्यांदा "ते" झालं, अन् मारोतराव उभा झाला. त्यानं ठरवलं नव्हतं. पाय आपोआप सरळ झाले.

"ताई, थांबा," तो स्टेजकडं जात म्हणाला. "ते 'गेला' नाही. ताईनं 'गेले' लिहिलं होतं. मी टाइप करताना सगळ्या 'ले'चा 'ला' केला. चूक माही आहे."

मग मागून मनोहरराव ओरडले, "चण्यात न्हालोऽऽ!"

अख्खा हॉल हसला. ओळखीचं हसू, ह्याच हसण्यावर मारोतराव आजपर्यंत जगला होता. लोकं हसले की त्याच्या अंगात मूठभर मांस चढे. आज पहिल्यांदा वाटलं, हसू नका बाबाहो.

दामिनी उभी झाली. ती हसत नव्हती.

"काका, मस्करी केली ना तुमी? माह्या बापाच्या मरणावर?"

'हो' म्हणणं सोपं होतं. दोन दिवस शिव्या बसल्या असत्या, तिसऱ्या दिवशी लोकं म्हणाले असते, मारोत्या तसाच आहे, जाऊ द्या. मस्करीची माफी नागपुरात लवकर भेटते. 'हो' त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण यमुताई चष्म्यातून त्याच्याकडं पाहून राहिल्या होत्या.

"नाही वं पोरी," तो म्हणाला. "मस्करी केली असती तर परवडलं असतं. मी सुधारलं."

"काय सुधारलं?"

"'मले' होतं त्यात. मले लाज वाटली. वाटलं, तिकडचे हसतीन. म्हणून 'ले' काढून टाकला. वाचूनही नाही पाह्यलं."

आता कोणी हसलं नाही. सुहासिनीबाईंनी आपल्या भाषणाचा कागद दोन घड्या करून पर्समध्ये ठेवला.

यमुताईनं माइक बाजूले केला, पण हॉल लहान होता, सगळ्याइले ऐकू आलं.

"म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं?"

"हो जी."

"अन् कागद आहे?"

त्यानं खिशातून काढला.

"मी दुकानात आली होती, तवा होता?"

मारोतरावनं स्टेजच्या फळ्याकडं पाह्यलं. एका फळीचा खिळा वर आला होता.

"होता जी. ड्रॉवरात होता."

यमुताईनं त्याच्या हातून कागद घेतला. अंक टेबलावर पालथा ठेवला. अन् वाचलं.

"ते गेले तवा मले वाटलं, ड्युटीवरच गेले."

'गेले' म्हटलं अन् त्याइनं डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढून घेतला, जसे गोपाळराव दारातून आत आले. मग बाकीचं वाचलं. 'लेकीले' आलं तशी दामिनी खाली पाहाले लागली. मारोतराव स्टेजवरच एका कोपऱ्यात उभा होता. उतराव का थांबाव ते त्याले कळत नव्हतं. उतरला तर सगळ्याइच्या समोरून जावं लागन, थांबला तर सगळ्याइच्या समोर उभं राहावं लागन. "पुढं सरका, पुढं सरका," यमुताईनं वाचलं, अन् तो उगाच एक पाऊल मांगं सरकला.

*

कार्यक्रमानंतर पायऱ्यांवर यमुताई चप्पल घालत होत्या. दामिनी गाडी काढाले गेली होती. जाताना तिनं मारोतरावकडं पाह्यलंही नव्हतं.

"ताई," मारोतराव म्हणाला.

"फोन केला तर पुण्याचे ऐकतीन का तुमचं?"

"नाही ऐकत जी. करून पाह्यला."

"तर चिठ्ठी लिहू. उद्या येते मी. बाजूले बसून एकेक अक्षर सांगते." त्याइनं चपलेचा पट्टा ओढला. "मोडकी खुर्ची नोको देजा."

"नाही जी."

"हार घ्यावा लागन आता जाताना," त्या आपल्याशीच म्हणाल्या. मग वर पाहून म्हणाल्या, "मारोतराव, तुमच्या टेबलावरच्या कविता वाचल्या होत्या मी त्या दिवशी. एक विचारू?"

"विचारा ना."

"घरी तुमी बायकोले 'मज जेवण वाढ' म्हणता का जी?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्यानं परत मारला असता. बाई खरोखर विचारून राहिली होती, जसं कोणी दुसऱ्या गावच्या माणसाले विचारते, तुमच्याकडं असं करतात का?

दामिनीनं हॉर्न वाजवला, दोनदा. यमुताई गेल्या.

मारोतराव घरी नाही गेला. रविवारचं बंद दुकान उघडलं, शटर अर्धं खाली ठेवलं, कंप्युटर चालू केला. एकतीस सालच्या कविता एकाच फाइलमध्ये होत्या, चारशेच्या वर. त्यानं अख्खा शब्द शोधाले सांगितला: 'मज'. मशीननं सहाशे अकरा जागा दाखवल्या. मग सांगितलं: 'मले'.

मशीननं वरपासून खालपर्यंत सगळं पाह्यलं. एकतीस सालाइले तिले एक क्षण पुरला. 'आपण शोधत असलेला शब्द आढळला नाही.'

त्यानं नवा कोरा कागद उघडला. वर टाइप केलं, 'मले'. अन् त्याच्याकडं पाहत बसला. पुढं काय ते सुचत नव्हतं. एकटा होता, शटर खाली होतं, तरी मान गरम झाली.

"काका, चालू आहे का? एक झेरॉक्स होती," शटरखालून कोणीतरी वाकून म्हणालं.

मारोतरावनं पटकन् हात पुढं करून स्क्रीनवरचा शब्द झाकला.